खांदा क्रमांक तेवीस

मी, फिदेन्सियो तेल्यो मारोकिन, वय वर्षे शहात्तर पूर्ण, विधुर, शिक्षण इयत्ता चौथी (उत्तीर्ण), कॉफीच्या गिरणीत अडतीस वर्षे मुख्य तोलणार म्हणून काम करून सन्मानाने निवृत्त, तसेच धीराच्या प्रभूच्या बंधुमंडळाचा छत्तीस वर्षांचा खांदेकरी, पहिली तुकडी, डावी बाजू, खांदा क्रमांक तेवीस, असे लिहून ठेवतो की, या वहीतील मजकूर माझ्या हस्ताक्षरात असून तो मी पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिला आहे. वही ठेवण्याचे कारण, माझ्यावर अन्याय होऊ घातला आहे. अन्यायाची नोंद वेळच्या वेळी झाली नाही, तर पुढे तिला पुराव्याचे मोल राहत नाही.

सोमवार, १८ फेब्रुवारी २०१९

मंडळाची नोटीस आज मिळाली. नवे चिटणीस ओतोनिएल हे रस्ते बांधणारे इंजिनिअर असून त्यांचे वय चौतीस आहे. त्यांचे म्हणणे असे की, गतवर्षी पवित्र शुक्रवारी (गुड फ्रायडे) प्रभूची मूर्ती मिरवण्याचा मोठा लाकडी मंच, म्हणजे आंदा, चर्चच्या दारातून निघाला तेव्हा डाव्या बाजूस एका जागी झुकत होता. आंदा साठ किंतालांचा, म्हणजे सहा हजार रत्तलांचा. खांदेकरी ऐंशी. एका तुकडीतील सर्वांचे खांदे जमिनीपासून सारख्याच उंचीवर असावेत, हा नियम सर्वांस ठाऊक आहे. पहिल्या तुकडीचे माप एकशे बेचाळीस सेंटिमीटर. माझे माप १९८३ साली घेतले होते आणि ते बरोबर एकशे बेचाळीस भरले होते. त्यानंतर पहिल्या तुकडीचे माप कोणी काढले नाही, कारण पहिल्या तुकडीस माप मागणे हा उद्धटपणा समजला जातो.

आता रविवार, ३१ मार्च रोजी सकाळी सर्वांची मापे पुन्हा होणार आहेत. ज्याचे कमी भरेल आणि वय सत्तरीपुढे असेल, त्याने धूपदान हलवीत पुढे चालावे, असे नोटिशीत आहे. धूपदानाचे वजन तीन रत्तल आहे. मी ते तोलले आहे.

सायंकाळी माझी मुलगी एलुबिया हिने दाराच्या चौकटीस मला उभे करून पेन्सिलीने खूण केली. एकशे साडेअडतीस. शेजाऱ्याची टेप आणवली. शिंप्याची टेप आणवली. तिन्ही टेपांनी संगनमत केल्यासारखे एकच सांगितले.

माझी पत्नी एर्लिंदा दरवर्षी औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर उभी राहून मला आंदा घेऊन येताना पाहत असे. ती आता नाही. कोपरा आहे.

बुधवार, २० फेब्रुवारी

नगरपालिकेच्या फिजिओथेरपी केंद्रात गेलो. तेथे रुग्ण घरून येतात, तासभर उपचार घेतात आणि घरी परत जातात. कोणास खाट मिळत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘पाठीस बाक, तोल जाणे’ असे लिहिले होते. अडतीस वर्षे तोलण्याचे काम केलेल्या माणसाचा तोल जातो असे लिहिणे मी योग्य समजत नाही. ते खोडण्याची विनंती केली. मान्य झाली नाही.

थेरपिस्ट सुसेलीबाई तिशीच्या असून बांधा लहान आहे, परंतु मनगट बैलगाडी हाकणाऱ्याचे आहे. त्यांनी विचारले, “काय दुखतंय काका?”

मी सांगितले की, काही दुखत नाही, मला ३१ मार्चपर्यंत साडेतीन सेंटिमीटर उंची पाहिजे, आणि मी त्यांचा काका नाही.

“मग काय म्हणू?”

“सेन्योर तेल्यो.”

“बरं. सेन्योर तेल्यो, भिंतीला पाठ लावा. डोकंही टेकवा.”

डोके टेकेना. चार बोटांचे अंतर राहिले. भिंत मागे झुकलेली असल्याचे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. त्या म्हणाल्या की, सकाळपासून अकरा डोकी त्या भिंतीला टेकून गेली, भिंतीने कोणाची तक्रार केली नाही.

नंतर त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि स्पष्ट बोलणाऱ्याचा मी आदर करतो. “हाडं जेवढी झिजली तेवढी परत यायची नाहीत. पण तुमचा निम्मा बाक हाडांचा नाहीच. छाती आवळून बसलीय आणि पाठीनं काम सोडलंय. ते सोडवू. किती सेंटिमीटर मिळतील ते मी लिहून देणार नाही. पण पडायचं मात्र थांबेल.”

“मी पडत नाही.”

“जानेवारीत दोनदा पडलात म्हणे. मुलीनं सांगितलं.”

“एकदा पडलो. दुसऱ्यांदा बसलो.”

त्यांनी ते लिहून घेतले की नाही, ते दिसले नाही.

सोमवार, २५ फेब्रुवारी

टॉवेलाची गुंडाळी पाठीच्या मणक्याखाली आडवी ठेवून दहा मिनिटे उताणे पडून राहणे. हनुवटी आत घेणे. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे. रबराचा पट्टा दोन्ही हातांनी ताणणे. या गोष्टींसाठी माणसास पदवी लागते, हे मला नवीन होते. पाचव्या उठण्यास मात्र मांड्या थरथरू लागल्या, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

सोबतचे रुग्ण पुढीलप्रमाणे. बँडमध्ये तुबा वाजवणारा अबुंदियो यास भोवळीचा विकार आहे. उजवीकडे मान वळवली की जग फिरते. सुसेलीबाई त्याचे डोके धरून त्यास झटक्यात मागे पाडतात, तो टेबलास नखे रोवून संतांची नावे घेतो, मग उठून आभार मानतो. कानातील सुटलेले खडे जागेवर बसवतात, असे कळले. मी खडे पाहण्यास मागितले. दाखवण्यात आले नाहीत.

पोलीस शिपाई एदिल्सर याचा अर्धा चेहरा एका सकाळी उठल्यापासून हुकूम मानत नाही. त्या बाजूचा डोळा मिटत नाही व सतत गळतो. तो आरशासमोर बसून भुवया उचलतो, ओठांचा चंबू करतो, मेणबत्ती विझवण्याचा प्रयत्न करतो. गणवेशातील माणसास हे करताना पाहणे मला प्रशस्त वाटले नाही. मी पाठ फिरवून बसतो.

शाळामास्तरीण प्रुदेन्सियाबाई मोठ्या रबरी चेंडूवर बसतात आणि काहीही करत नाहीत. सुसेलीबाई म्हणतात, “आत आवळा, दहा मोजा, सोडा.” बाहेरून काहीच हालचाल दिसत नाही. हा कोणत्या रोगावरचा उपाय, अशी चौकशी केली असता दोघी हसल्या. प्रुदेन्सियाबाई म्हणाल्या, “पूर्वी मला शिंक आली की मी शाळेतून घरी जायची.” सर्दीवर चेंडू चालतो, हे लक्षात ठेवले.

चौथा रुग्ण पाहून आश्चर्य वाटले. लेओकादियो. माझ्या मुलीचा धर्मपिता, बालमित्र, आणि आंद्याखाली माझ्या थेट मागे असणारा, खांदा क्रमांक पंचवीस. त्याचा हात कानाच्या वर जात नाही. केस त्याची सून विंचरते.

सुसेलीबाईंनी त्यास विचारले की, वर्षातून एक दिवस ओझे उचलणाऱ्याचा खांदा इतका कसा फाटतो. लेओकादियो छताकडे पाहत म्हणाला, “मधे एक जागा हलकी पडते, बाई. पुढच्या-मागच्यांवर येतं.”

“कुठली जागा?”

“आहे एक.”

अंगचोर माणूस पहिल्या तुकडीत असणे ही गंभीर बाब आहे. नाव कळताच मंडळास लेखी कळवीन. लेओकादियोस मी समजावले की, दोष अंगचोराचा असला तरी त्याची स्वतःची पद्धतही चुकीचीच आहे. गेली नऊ वर्षे मला आंद्याचे वजन जाणवत नाही. श्वास कसा धरायचा, मन कसे हलके ठेवायचे, हे मी त्यास पूर्वीही दाखवले होते.

“दाखवलं होतंस,” तो म्हणाला.

बुधवार, ६ मार्च, राखेचा बुधवार

चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेऊन केंद्रात गेलो; पाद्रींच्या हातून काही राख माझ्या डोक्याच्या मागेही सांडली होती. सर्वांच्याच कपाळावर होती. भिंतीवर माझ्या डोक्याचा काळा ठसा उमटला. याचा अर्थ डोके भिंतीस लागले. सुसेलीबाईंनी ठसा पुसला नाही. खाली पेन्सिलीने तारीख घातली.

वाढ : एक सेंटिमीटर.

मंगळवार, १२ मार्च

नोंदवण्यासारखे काही नाही. पाठ दुखली. चांगल्या प्रकारे दुखली, असे बाई म्हणतात. दुखण्याचे प्रकार असतात, हे मान्य केले.

बुधवार, २० मार्च

आज बाजारातून परत येताना आग्वा ज्वालामुखी पाहिला. शिखरासह. गेल्या काही वर्षांत तो खचला असावा असे माझे मत झाले होते आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवले होते. ते मत मागे घेतो.

केंद्रात सर्वांच्या आग्रहावरून (अबुंदियोने विचारले होते) आंदा विनाश्रम उचलण्याची माझी पद्धत समजावून सांगितली. सर्व शांतपणे ऐकत होते. सुसेलीबाईंनी मध्येच विचारले, “दांडा खांद्याला लागतो ना तुमच्या?”

“बाई, आंदा खांद्यावर असतो, म्हणजे खांद्यावरच असतो.”

लेओकादियोस खोकला आला. प्रुदेन्सियाबाईंस शिंक आली. त्या घरी गेल्या नाहीत. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या व्याख्यानास, असे मी समजतो.

बुधवार, २७ मार्च

एकशे एक्केचाळीस. गेले आठ दिवस तेथेच अडलो आहे.

लेओकादियो म्हणाला की, बुटात कातड्याची टाच घाल, कोण बघतंय. मी त्यास सांगितले की, अडतीस वर्षांत मी कोणाच्याही पारड्याखाली खडा लावला नाही. माप अनवाणी होते, हे तो विसरला असावा.

सुसेलीबाई म्हणाल्या, “अडीच सेंटिमीटर मिळवलेत. पाच आठवड्यांत पडला नाहीत. जिना कठडा न धरता चढता. मला विचाराल तर हाच मोठा निकाल आहे.” मी त्यांना विचारले नव्हते. मग त्या सहज म्हणाल्या की, आता उरलेला एक सेंटिमीटर फक्त झोपेत मिळेल. माणूस सकाळी उठताना सर्वांत उंच असतो, मणक्यांमधल्या गाद्या रात्री पाणी पिऊन फुगतात, उभे राहिले की तासा-दोन तासांत दबतात.

माप सकाळी अकरा वाजता आहे. माझ्या घरापासून मंडळाच्या वाड्यापर्यंत सहा चौक. चालत गेलो तर तो सेंटिमीटर रस्त्यातच सांडेल.

यावर उपाय एकच आहे. सुसेलीबाईंस सांगितला. त्या म्हणाल्या की, केंद्र अशा गोष्टीस जबाबदार नाही. परंतु पडून असताना गुडघ्याखाली उशी घ्या, असेही म्हणाल्या.

रविवार, ३१ मार्च

घडले ते क्रमाने लिहितो.

खोलीचे दार बिजागऱ्यांतून काढून शनिवारी त्यावरच झोपलो. सकाळी उठलो नाही. एलुबियाने पडल्या पडल्याच मला काळा कोट चढवला, मक्याची पातळ पेज, अतोल, चमच्याने पाजली, हॅट छातीवर ठेवली आणि धूळ लागू नये म्हणून पांढरी चादर हनुवटीपर्यंत ओढली. मान उचलायची नाही, बोलायचे नाही, कारण बोलताना हनुवटी पुढे येते. हे नियम मीच घातले होते.

दार उचलण्यास चौघे : लेओकादियो त्याच्या चांगल्या खांद्याने, अबुंदियो, प्रुदेन्सियाबाई आणि एलुबिया. पुढे वाहतूक अडवण्यास एदिल्सर, गणवेशात. अबुंदियोस उजवीकडे वळता येत नसल्यामुळे प्रत्येक उजव्या वळणासाठी तीन डावी वळणे घ्यावी लागली. सहा चौकांचे सतरा झाले. त्यामुळे गावातील बहुतेक सर्व वस्तीतून आमचे जाणे झाले.

पहिल्या चौकात एका माणसाने हॅट काढली. दुसऱ्या चौकात सर्वांनी. कारण मला उशिरा कळले. एदिल्सरच्या न मिटणाऱ्या डोळ्यातून नेहमीप्रमाणे पाणी वाहत होते आणि पोलीस रडतो आहे म्हणजे मयत मोठ्या माणसाची आहे, असा लोकांचा समज झाला. पानात उकडलेले मक्याचे तामाल विकणाऱ्या तोमासाबाईंनी विचारले, “कधी झालं हो?” प्रुदेन्सियाबाई धापा टाकीत म्हणाल्या, “शनिवारी रात्रीपासून पडून आहेत.” हे उत्तर शब्दशः खरे होते. शाळामास्तरणीकडून तेवढीच अपेक्षा.

तोमासाबाईंनी माझ्या पोटावर गुलछडीची जुडी ठेवली. घंटाघरातून चर्चच्या सेवकाने आम्हास पाहिले व मृत्यूची घंटा सुरू केली. मी एकोणीस ठोके मोजले. मागे पावलांचा आवाज वाढत गेला. माझ्याबद्दल पुढील उद्गार माझ्या कानांनी ऐकले : “मापाचा पक्का होता.” “घमेंडी, पण मापाचा पक्का.” “एका दाण्यानं फसवलं नाही कुणाला.” आणि तोमासाबाईंचा आवाज, “देवानं सोडवलं. आता निदान लेओकादियोच्या खांद्याला विसावा मिळेल.”

हे शेवटचे वाक्य विषयास धरून नव्हते. त्यांच्या वयाकडे पाहून मी ते सोडून देतो.

दार फार वाईट उचलले होते. एलुबियाचा कोपरा खाली, लेओकादियोचा वर. ज्याचा खांदा उंच त्याच्यावर सगळे ओझे जाते, हे मी पडल्या पडल्या पाहत होतो आणि बोलता येत नव्हते.

मंडळाच्या दारात ओतोनिएल बाहेर आले. क्रूसाची खूण केली. डोक्यावरची टोपी काढून म्हणाले, “सेन्योर तेल्योंचं माप आता वरच्या दरबारात झालंय.” सुमारे साठ लोक “आमेन” म्हणाले. तेवढ्यात चौघांनी ठरल्याप्रमाणे दार उभे केले आणि मी डोळे उघडे ठेवून, अनवाणी, मापाच्या पट्टीस पाठ लावून उभा राहिलो.

गोंधळ झाला. तोमासाबाई खाली बसल्या. घंटा थांबवण्याचा निरोप घंटाघरात धाडावा लागला. गोंधळात घेतलेले माप मला मान्य नव्हते, म्हणून मी ओतोनिएल यांच्याकडे दुसऱ्यांदा मापण्याची मागणी केली. दोन्ही वेळा एकच आकडा आला.

एकशे बेचाळीस.

लेओकादियोने मला मिठी मारली. त्यात किती मिलिमीटर गेले, ते मोजले नाही.

शुक्रवार, १९ एप्रिल, पवित्र शुक्रवार

सकाळी सहा. जांभळा झगा. डावी बाजू, तेवीस.

घंटा वाजली, आंदा उचलला गेला, आणि दांडा माझ्या खांद्यावर बसला.

काहीतरी चुकले आहे, असे मला तत्क्षणी वाटले. तोलणाऱ्याचा खांदा खोटे बोलत नाही : पंचाहत्तर रत्तल. गतवर्षी दोनही नव्हते. मी माझ्या पद्धतीने श्वास धरला, मन हलके केले. उपयोग झाला नाही. गुडघे वाकू लागले, तेव्हा ‘हनुवटी आत, टाचांवर भार, श्वास सोडा, धरू नका’ हे सुसेलीबाईंचे शब्द आठवले व तसे केले. श्वास सोडायचा असतो. माझ्या पद्धतीत हे उलट होते.

मागून लेओकादियोचा आवाज आला. रडतो आहे की हसतो आहे, ते कळेना. मागे पाहता येत नाही.

गेल्या काही वर्षांत मला मिरवणुकीत फक्त रस्त्यावर रंगीत लाकडी भुशाने काढलेले गालिचे दिसत. या वेळी समोरचे दिसले. माणसे, खिडक्या, बँडमध्ये अबुंदियो, तुब्यासह उजवीकडे वळताना. मग औषधांच्या दुकानाचा कोपरा. तेथे एर्लिंदाच्या जागी कोणीही उभे नव्हते. मी त्या जागेकडे पाहून मान लववली नाही, कारण दांड्याखाली मान लववता येत नाही. फक्त पाहिले.

तुकडी बदलली तेव्हा खांद्यावर तळहाताएवढा लाल वण होता.

शनिवार, २० एप्रिल

तक्रार अर्ज तयार केला. विषय : चिटणीसांनी आंद्यात गुप्तपणे वजन वाढवल्याबाबत. पुरावा : वण. साक्षीसाठी लेओकादियोस घरी बोलावले. सुसेलीबाई त्याच्या खांद्याचा व्यायाम पाहण्यास त्याच्याकडे आल्या होत्या, त्याही सोबत आल्या. एलुबियाने सुक्या माशाचे कालवण वाढले.

मी प्रश्न विचारले व उत्तरे लिहून घेतली. पंचविसाव्या खांद्यावर वजन वाढल्याचे त्यास जाणवले काय? तो म्हणाला, नाही, कमी झाले. किती? जवळजवळ तिसरा हिस्सा. एकवीस क्रमांकाचे काय? त्यालाही हलके गेले, काल तसे म्हणत होता.

मी कागदाच्या मागे बेरीज केली. पुन्हा केली. तोलणाऱ्यास शाळेत शिकवावी लागत नाही अशी एकच गोष्ट असते : एका पारड्यात आले, ते दुसऱ्यातून गेलेले असते. आंद्यात एक रत्तलही वाढलेले नव्हते.

कागद घडी करून ताटाखाली ठेवला. मग मी विचारले, “केव्हापासून?”

लेओकादियोने ताटातला काटा बाजूला ठेवला. “वहिनी गेल्या ना, त्या वर्षापासून. तेव्हापासून वाकलास तू. दांडा तुझ्या खांद्याच्या वरनं जायचा. इतका.” त्याने दोन बोटे आडवी धरली.

“नऊ वर्षं. आणि मला सांगितलं नाहीस.”

“काय सांगायचं फिदे? तू चालत होतास ना आमच्याबरोबर. आम्हाला तेवढं पुरे होतं.”

तक्रार अर्ज मागे घेतला आहे. पहिल्या तुकडीतील अंगचोराचे नाव कळल्यास मंडळास लेखी कळवीन, असे मी २५ फेब्रुवारीस लिहिले होते. नाव कळले. आजच्या तारखेने कळवले. ओतोनिएल यांनी पत्र वाचून परत पाठवले आणि खाली लिहिले : ‘माप बरोबर आहे. पुढील वर्षी हजर राहावे.’

लेओकादियोच्या उपचाराच्या आठ बैठका बाकी आहेत. रबराचा पट्टा दुसऱ्या टोकास धरण्यास माणूस लागतो. ते काम मी करीन.

येणेप्रमाणे लिहिलेले खरे आहे. लिहितेवेळी समक्ष हजर : सुसेलीबाई, ज्यांनी मला आज पुन्हा ‘काका’ म्हटले व ज्यांस मी हरकत घेतली नाही, माझी मुलगी एलुबिया, जी चुलीपाशी होती आणि आपण काही ऐकले नाही असे सांगते, आणि लेओकादियो, खांदा क्रमांक पंचवीस, ज्याने सही करण्यापूर्वी आरशासमोर जाऊन, हळूहळू, स्वतःच्या हाताने केस विंचरले.